पांबनच्या उचलत्या रेल्वे पुलाखालून टग-बार्ज नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांबनबद्दल प्रश्न पाठवणारे लोक तीन प्रकारचे असतात: मुंबई, रायगड, गोव्याकडचे बार्जमालक, टगवरचे मास्तर (कप्तान) आणि खलाशी, आणि त्यांच्या घरची माणसं. हल्ली नव्या पुलामुळे रेल्वेप्रेमींचीही भर पडली आहे. टग म्हणजे ओढणारी ताकदवान बोट, बार्ज म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, आणि टग व तिने ओढलेली बार्ज मिळून टो. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही. इथलं सगळं नियोजनापुरतं. प्रत्यक्ष त्या दिवशी शब्द चालतो तो पांबनच्या बंदर कार्यालयाचा आणि पायलटचा, म्हणजे जहाजावर चढून वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकाराचा.

1. हा पूल नेमका कुठे आहे आणि टग-बार्जवाले तिथून कशाला जातात?

तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, मुख्य भूमीवरचं मंडपम आणि रामेश्वरम बेट यांच्यामधल्या खाडीवर. पुलाच्या दक्षिणेला मन्नारचं आखात, उत्तरेला पाल्कचा उपसागर. पश्चिम किनाऱ्यावरून चेन्नई, काकीनाडा किंवा कोलकात्याकडे जायचं असेल तर दोनच वाटा: श्रीलंकेला पूर्ण वळसा, नाहीतर ही पांबनची फट.

वळशात नुसतं अंतर वाढत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला मोकळ्या समुद्राची लाट लागते आणि सपाट तळाच्या बार्जला ती सोसत नाही. चेन्नईला जाणाऱ्या टोचे पांबनमुळे तीनशेच्या वर सागरी मैल वाचतात. टो पाच नॉटने (ताशी पाच सागरी मैल) चालला तरी हे साठ तास झाले. कोलकात्यासाठी बचत कमी होते. अंदमानला जाणाऱ्याला तर ती इतकी थोडी की पांबनला थांबण्यातच खर्ची पडते. म्हणून आधी नकाशावर दोन्ही वाटा मोजा. ‘सगळे पांबनने जातात’ हे काही कारण होत नाही.

2. म्हणजे रामसेतू ओलांडून जातात का?

नाही. रामसेतूची वाळूची रांग बेटाच्या पूर्व टोकाला, धनुष्कोडीपासून श्रीलंकेच्या तलाईमन्नारकडे जाते. पांबनची खाडी बेटाच्या पश्चिमेला आहे. पांबनमधून गेलं की सेतूला हातही न लावता तुम्ही आखातातून उपसागरात येता. 2005 साली सुरू झालेला आणि पुढे न्यायालयात अडकलेला सेतुसमुद्रम प्रकल्प सेतूच्या रांगेतून मोठ्या जहाजांसाठी वाट खणायचा होता. त्याचा या पुलाशी संबंध नाही.

3. कुठलंही जहाज जाऊ शकतं का?

नाही. खाडी उथळ आहे. टग, बार्ज, किनाऱ्यावरची छोटी मालवाहू जहाजं, तटरक्षक दलाच्या लहान नौका आणि मासेमारी बोटी, एवढ्यांचीच ती वाट. तुमचा ड्राफ्ट (जहाजाचा पाण्याखाली बुडालेला भाग किती खोल) बसतो का हे ठरवायला जुना नकाशा किंवा मागच्या वर्षी गेलेल्या मित्राचा आकडा वापरू नका. वाळू सरकते. बंदर कार्यालयाकडून त्या हंगामातली खोली घ्या आणि तळाखाली किती पाणी राहायला हवं हे विमा कंपनीच्या सर्वेअरला विचारून ठरवा.

4. जुना पूल आणि नवा पूल, उघडण्यात फरक काय?

जुना पूल 24 फेब्रुवारी 1914 रोजी सुरू झाला. वांद्रे-वरळी सागरी सेतू होईपर्यंत समुद्रावरचा देशातला सर्वांत लांब पूल तोच. मधला गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) शेर्झर पद्धतीचा: दोन पाती, दोन्ही बाजूंना वर कलंडणारी. कामगार हातांनी दांडे फिरवत आणि घामाने पूल उघडत. डिसेंबर 2022 मध्ये त्यावरून गाड्या बंद झाल्या.

नवा पूल 6 एप्रिल 2025 रोजी, रामनवमीला सुरू झाला. त्याचा 72.5 मीटरचा मधला गाळा आडवाच्या आडवा, लिफ्टसारखा, 17 मीटर वर जातो. दोन्ही मनोऱ्यांमध्ये प्रतिभार टांगलेले आहेत. विहिरीच्या रहाटाला एका बाजूला भरलेली घागर आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचा धोंडा बांधावा, तसा हा तोल आहे. त्यामुळे सहाशे टनांच्या वरचा गाळा असूनही मोटरला फक्त घर्षण आणि थोडा फरक ओढावा लागतो. वर जायला साडेपाच मिनिटांच्या आसपास लागतात.

ही साडेपाच मिनिटं ऐकून मालक खूश होतात आणि चार्टरच्या (जहाज भाड्याने देण्याच्या) कागदावर एक दिवस कमी धरतात. पांबनला वेळ खाणारी गोष्ट पुलाचं उचलणं ही कधीच नव्हती. वेळ जातो तो प्रश्न 5, 6 आणि 12 मधल्या गोष्टींत.

5. पूल उघडण्याचं टाइमटेबल कुठे मिळेल?

असं टाइमटेबल नसतं. हा पूल रोज ठरल्या वेळी उघडत नाही, मागणीवर उघडतो. रेल्वेच्या दृष्टीने तुमचं जाणं म्हणजे एक ब्लॉक, आपल्याकडे रविवारी लोकलवर घेतात तसलाच, फक्त छोटा. दोन गाड्यांमध्ये मोकळी वेळ हवी, पायलट हवा, वारा मर्यादेत हवा, आणि शक्यतो एकाच उघडण्यात जाणारी आणखी काही जहाजं जमलेली हवीत. हे सगळं जुळलं की वेळ कळते, बहुतेकदा आदल्या दिवशी.

तेव्हा ‘आम्ही अमुक तारखेला पांबन पार करू’ असं कोणालाही लिहून देऊ नका. ‘अमुक तारखेला पांबनच्या नांगरवाड्यावर पोहोचू’ एवढंच लिहा. पोहोचणं तुमच्या हातात आहे, पार होणं नाही.

6. परवानगी कोणाकडे मागायची? रेल्वेकडे की बंदराकडे?

बंदराकडे. पांबन हे तामिळनाडू मेरिटाइम बोर्डाच्या अखत्यारीतलं छोटं बंदर आहे. रेल्वेशी, म्हणजे दक्षिण रेल्वेच्या मदुराई विभागाशी, बोलणं बंदर कार्यालय करतं. थेट रेल्वेला ईमेल पाठवणारे मालक आम्हाला माहीत आहेत. उत्तर येत नाही.

क्रम साधारण असा. स्थानिक एजंट नेमायचा. तमिळ बोलणारा आणि कार्यालयात चालत जाऊ शकणारा माणूस लागतोच, मुंबईहून फोनवर हे काम होत नाही. जहाजाची नोंदणी, सर्वेक्षणाचे दाखले, विमा, टो असेल तर टो-वर्दीनेस सर्टिफिकेट (टो ओढून नेण्यालायक असल्याचा दाखला), खलाशांची यादी आणि उंची-रुंदी-ड्राफ्ट दाखवणारं रेखाचित्र, हा गठ्ठा आधीच पाठवून ठेवायचा. दक्षिणेकडून येणारे कुंदुकलच्या बाजूला नांगर टाकतात, उत्तरेकडून येणारे पाल्कच्या बाजूला. मग शुल्क भरायचं, कार्यालय रेल्वेला कळवतं, रेल्वे वेळ देते, पायलट चढतो.

अडकतं ते बहुतेक रेखाचित्राशी. टगचं असतं, बार्जचं नसतं. किंवा बार्जचं असतं पण त्यावर नंतर बसवलेली क्रेन त्यात नसते. ते रेखाचित्र निघण्याच्या आधीच तयार करा, कारण नांगरावर उभं राहून ते मिळत नाही.

7. मग थांबायचे किती दिवस धरायचे?

एक आकडा सगळ्यांना लागू पडत नाही, पण शून्य धरणारा हमखास चुकतो. नियोजनात डिझेल, गोडं पाणी आणि शिधा पाच ते सात दिवसांच्या थांबण्याला पुरेल इतका जास्त ठेवावा असं आमचं मत आहे. ईशान्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत त्याहून जास्त. चार्टर करारात पांबनचं थांबणं कोणाच्या खात्यावर, हे एका वाक्यात स्पष्ट लिहा. भांडणं इथूनच सुरू होतात. टगमालक म्हणतो हवामान, चार्टरर (भाड्याने घेणारा) म्हणतो तुमचे कागद अपुरे.

8. नव्या पुलाखाली 22 मीटर जागा आहे आणि आमची उंची 20 मीटर. म्हणजे निश्चिंत?

थोडं थांबा. 22 मीटर हा आकडा गाळा पूर्ण वर असताना समुद्रसपाटीपासूनचा आहे. त्यातून या गोष्टी वजा करा:

भरती. इथे भरती-ओहोटीतला फरक एक मीटरच्या आतला असतो. मुंबईची पाच मीटरची भरती डोक्यात असलेल्या माणसाला तो नगण्य वाटतो. पण दोन मीटरच्या फरकात अर्धा मीटर म्हणजे चौथाई. उधाणाच्या दिवशी तो मोजायचाच.

तुमचा आजचा ड्राफ्ट. रेखाचित्रावरची उंची बहुतेकदा भरल्या अवस्थेतली असते. बार्ज रिकामी असेल तर ती दीड-दोन मीटर वर तरंगते आणि डेकवरचं सगळं तेवढंच वर येतं.

अँटेना, दिव्यांचे खांब, क्रेनची बूम. जे खाली घेता येतं ते घ्या. पायलट चढायच्या आधी घ्या, चढल्यावर नाही.

आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट: रेल्वे पुलाशेजारी 1988 साली सुरू झालेला रस्त्याचा पूल आहे. तो उचलला जात नाही. नव्या रेल्वे पुलाचं वरचं माप त्याच्या जोडीनेच ठेवलं आहे. रेल्वेचा गाळा आणखी वर गेला असता तरी तुम्हाला उपयोग नव्हता. तुमची खरी मर्यादा तो रस्त्याचा पूलच आहे.

9. गाळा खाली असताना त्याखालून जाता येणार नाही का? आमची टग बुटकी आहे.

22 मधून 17 वजा केले की पाचेक मीटर उरतात. मच्छीमारांच्या छोट्या होड्या खालून जातात. टगचा व्हीलहाउस (सुकाणूची खोली) आणि मास्ट (डोलकाठी) तेवढ्यात बसत नाही. मास्ट पाडून बसला तरी बंदराच्या परवानगीशिवाय तो प्रयोग करू नका. बाजूचे स्थिर गाळे 18.3 मीटरचे आहेत आणि खांब दाट. तिकडे टग घालणं म्हणजे विम्यावर पाणी सोडणं.

10. जाण्याची वाट 72.5 मीटर रुंद आहे ना? मग 24 मीटरची बार्ज आरामात जाईल?

72.5 मीटर ही गाळ्याची लांबी. पाण्यात मोकळी वाट त्याहून कमी असते, कारण खांबांचे पाये आणि त्यांचं संरक्षण त्यातच येतं. शिवाय जुना पूल वापरातून गेला असला तरी त्याचे खांब जोवर पाण्यात आहेत तोवर एकामागोमाग तीन पूल मोजायचे. तिन्हींची वाट एका रेषेत आहे असं समजून मधोमध जा म्हणणारा मास्तर पायलटला आवडत नाही. जुना पूल काढण्याच्या कामाच्या काळात पाण्यात क्रेन, पॉन्टून (तरते तराफे) किंवा तात्पुरते बोये असू शकतात. त्यासाठी नौवहनासाठीच्या ताज्या सूचना बघाव्यात.

रुंदीपेक्षा मोठा प्रश्न बार्जच्या तिरक्या जाण्याचा आहे. बाजूच्या वाऱ्यात 70 मीटर लांबीची रिकामी बार्ज सरळ चालत नाही, खेकड्यासारखी वाकडी चालते. दहा अंश वाकडी गेली की तिची व्यापलेली रुंदी बारा मीटरने वाढते. 24 ची 36 होते.

11. टो लांब सोडून न्यायचा की बाजूला बांधून?

समुद्रात लांब, पुलाखाली आखूड. मोकळ्या समुद्रात टोलाइनला झोल लागतो, लाटेचा धक्का तोच गिळतो. पुलाजवळ तोच झोल शत्रू होतो: टग पुलापलीकडे आणि बार्ज अलीकडे, मध्ये कोणाचाच ताबा नाही. म्हणून नांगरावर असतानाच लाइन आखडून घ्यायची किंवा टग बार्जच्या कुशीला बांधायची.

कुशीला बांधलं की सुकाणू चांगलं मिळतं पण जोडीची रुंदी वाढते. बार्ज मोठी आणि टग लहान असेल तर मागे दुसरी टग घ्या, पुढची ओढेल, मागची शेपूट सांभाळेल. दुसऱ्या टगचं भाडं बघून मालक नाक मुरडतात. प्रश्न 18 वाचल्यावर बहुतेक जण तयार होतात.

सिंथेटिक हॉजर (ओढण्याचा जाड दोर) आणि आखूड टो हे एक धोकादायक जोडपं आहे. झोल नसताना ताण आला की तो तुटताना मागे झपकन येतो. त्या वेळी डेकवर लाइनच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, तांडेलसुद्धा नाही.

12. वाऱ्याची मर्यादा किती? 50 म्हणतात, 58 पण म्हणतात.

दोन्ही खरं, पण दोन वेगळ्या गोष्टींसाठी. ताशी 50 किलोमीटरच्या वर वारा गेला की गाळा उचलण्याचं काम थांबवलं जातं. ताशी 58 किलोमीटर ही पुलावरून गाड्या चालवण्याची मर्यादा, त्यापुढे गाडी थांबवली जाते. टगवरचे लोक नॉटमध्ये बोलतात: 50 म्हणजे सुमारे 27 नॉट, 58 म्हणजे सुमारे 31.

पण तुमची मर्यादा पुलाच्या मर्यादेपेक्षा बरीच आधी येते. रिकाम्या बार्जची उभी बाजू हे मोठं शीड असतं. पुलाला 27 नॉट चालत असेल, तुमच्या टोला 15 सुद्धा जड जाऊ शकतात. पायलटने ‘आज नको’ म्हटलं तर हुज्जत घालू नका. इथली सकाळ बऱ्याचदा दुपारपेक्षा शांत असते, सकाळची वेळ मिळाली तर घ्या.

13. प्रवाहाबरोबर जावं की प्रवाहाविरुद्ध?

शक्य असेल तर विरुद्ध किंवा पाणी स्थिरावलेलं असताना. प्रवाहाबरोबर गेलं की जमिनीवरचा वेग वाढतो पण सुकाणूवरचं पाणी कमी होतं, आणि बार्ज टगला मागून गाठते.

इथला प्रवाह नुसत्या भरतीवर चालत नाही, मोसमी वाऱ्यावर चालतो. नैर्ऋत्य वाऱ्याच्या महिन्यांत पाणी आखाताकडून उपसागराकडे, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे जातं. ईशान्य वाऱ्यात उलट. अरुंद फटीत ते जोर धरतं. कोकणातला माणूस उधाण-भांगाच्या (मोठ्या आणि लहान भरतीच्या) हिशोबाने वेळ काढतो. पांबनला तेवढ्याने भागत नाही. अष्टमीच्या भांगालाही वाऱ्याने ढकललेलं पाणी जोरात वाहू शकतं. एजंटकडून आदल्या दोन दिवसांची प्रवाहाची बातमी घ्या.

14. कोणत्या महिन्यात काढावं?

पश्चिम किनाऱ्यावरून निघणाऱ्यासाठी फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात बरा काळ: अरबी समुद्र शांत, ईशान्य वारा ओसरलेला. जून ते ऑगस्टमध्ये आपल्या बाजूलाच टो काढणं कठीण. ऑक्टोबर ते डिसेंबर पांबनला वारा आणि वादळं. 22-23 डिसेंबर 1964 च्या रात्रीच्या वादळात धनुष्कोडीला प्रवाशांनी भरलेली गाडी वाहून गेली आणि पुलाचे अनेक गाळे पडले, शेर्झरचा उघडता गाळा मात्र टिकला. तो पूल 46 दिवसांत पुन्हा उभा करणारे अभियंते म्हणजे ई. श्रीधरन, पुढे कोकण रेल्वे बांधणारे.

15 एप्रिल ते 14 जून पूर्व किनाऱ्यावर ट्रॉलरना मासेमारी बंदी असते. त्या काळात पुलाजवळची गर्दी कमी. एप्रिलचा दुसरा पंधरवडा त्यामुळे टोवाल्यांना मानवतो.

15. आम्ही आधी अर्ज केला, तरी मच्छीमार बोटी आधी का सोडल्या?

कारण त्या चपळ आहेत. गाळा वर गेला की वीस-पंचवीस बोटी काही मिनिटांत निघून जातात. तुमचा टो मध्ये घातला तर त्या सगळ्या मागे खोळंबतात आणि कंटाळून बाजूने घुसतात. क्रम पायलट आणि बंदर ठरवतं. काही वेळा मोठी जहाजं आधी, बोटी मागून, असंही करतात. यात अपमान मानून रेडिओवर आवाज चढवणाऱ्याला पुढच्या वेळी काय क्रम मिळतो, हे सांगायला नको.

16. दोन टो एकाच उघडण्यात काढता येतील का?

एकाच दिशेचे असतील, तर बंदराने परवानगी दिल्यास हो. पण पहिल्याची शेपूट पुलापलीकडे मोकळी झाल्याशिवाय दुसऱ्याने हलायचं नाही, आणि दोघांना वेगळे पायलट लागू शकतात. एकाच टगमागे दोन बार्जची माळ करून पुलाखालून जाण्याचा विचार करत असाल तर सोडून द्या. नांगरवाड्यावर सोडवा, एकेक न्या. विरुद्ध दिशेचे टो एका वेळी पुलाजवळ येता कामा नयेत.

17. हॉर्न दिला की पूल उघडतो असं ऐकलं. मग इथे एवढे कागद का? (न्यू जर्सीहून आलेला प्रश्न)

अमेरिकेत ते खरं आहे. तिथल्या संघीय नियमांनुसार एक लांब आणि एक छोटा भोंगा म्हणजे ‘पूल उघडा’. पुलावाल्याने तेच परत वाजवलं की उघडतो, पाच छोटे भोंगे दिले की आत्ता नाही. जलमार्गाचा हक्क तिथे जुना मानला जातो, पूल नंतर आलेला पाहुणा. तरी तिथेही रेल्वेने सवलती मिळवल्या आहेत. तुमच्या न्यू जर्सी ट्रान्झिट रेल्वेच्या वाटेवरचा हॅकन्सॅक नदीवरचा पोर्टल ब्रिज घ्या: 1910 चा फिरता पूल, बंद असताना पाण्यापासून 23 फूट. गर्दीच्या वेळी तो उघडण्यावर बंधनं आहेत, कारण तो नीट बंद झाला नाही तर बॉस्टन ते वॉशिंग्टन मार्गावरच्या गाड्या खोळंबतात. त्याच्याजागी न उघडणारा, 50 फुटांचा पूल बांधायला 2022 मध्ये सुरुवात झाली.

पांबनला भोंग्याने काहीही उघडत नाही. इथे रेल्वेची गाडी आधी, आणि खाडीच्या अवघडपणामुळे पायलटशिवाय परवानगी नाही.

18. बार्ज पुलाला लागलीच तर?

घडलेलं आहे. जानेवारी 2013 मध्ये नौदलाची एक बार्ज भरकटून जुन्या पुलाला धडकली, पुलाचं नुकसान झालं आणि रामेश्वरमच्या गाड्या थांबवाव्या लागल्या.

असं झालं तर पहिली गोष्ट रेल्वेला कळणं, तीही बंदरामार्फत नाही, मिळेल त्या वाटेने: पायलटचा रेडिओ, व्हीएचएफ 16 (जहाजांच्या रेडिओचा संकटाचा चॅनल), एजंटचा फोन. किरकोळ घासलं असं तुम्हाला वाटलं तरी. वरून पुढची गाडी येणार असते आणि खांबाच्या आत काय झालं हे डेकवरून दिसत नाही. मग वेळ, वारा, इंजिनची स्थिती लॉगबुकात लिहा, फोटो काढा. स्थिर वस्तूला झालेलं नुकसान सहसा पी अँड आय (जहाजमालकाच्या दायित्वाच्या) विम्यात येतं, पण टो कोणाच्या नावे होता यावरून टगचा विमा की बार्जचा, हा वाद होतो. करारात तो आधीच मिटवा. विमा तपासताना कागदावरचं जहाज आणि पाण्यातलं जहाज एकच आहे ना, हेही बघा. मागच्या मालकाच्या नावाची पॉलिसी घेऊन आलेली बार्ज आम्ही पाहिली आहे.

19. नवरा टगवर आहे. सहा दिवस टग एकाच जागी दिसतेय, फोन लागत नाही. काही झालं असेल का?

बहुधा काही नाही, ताई. पांबनला थांबणं हा कामाचाच भाग आहे, कारणं प्रश्न 5 आणि 12 मध्ये आहेत. मोबाइलवरच्या नकाशात टगचं चिन्ह थोडं गोल-गोल फिरताना दिसत असेल तर ती नांगरावर आहे, वाऱ्याप्रमाणे फिरतेय. चिन्ह जुन्या वेळेवर अडकलं असेल तर बहुतेकदा किनाऱ्यावरच्या यंत्राला सिग्नल मिळत नसतो. कंपनीच्या ऑफिसात एजंटचा नंबर असतो आणि एजंट रोज टगशी बोलतो. त्याच्यामार्फत निरोप द्यायला ऑफिसने नाही म्हणू नये.

20. क्रेन बार्ज आणि जॅक-अपचं (समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या बार्जचं) काय?

क्रेनची बूम आडवी पाडून, बांधून, प्रश्न 8 चा हिशोब बसत असेल तर जाते. ए-फ्रेमचं (क्रेनच्या ‘A’ आकाराच्या आधाराचं) टोक मोजायला विसरतात. जॅक-अपचे पाय वर काढले की ते रस्त्याच्या पुलाच्या उंचीच्या बरेच वर जातात. पाय काढून वेगळे नेता येत नसतील तर तुमची वाट श्रीलंकेच्या दक्षिणेनेच.

21. थांबताना कुठेही नांगर टाकला तर चालेल?

नाही. दक्षिणेच्या बाजूला मन्नारच्या आखाताचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, 21 बेटांचं, आणि कुरुसडै बेट पांबनच्या अगदी जवळ. प्रवाळावर नांगर टाकणं हा गुन्हा आहे आणि तो नांगर निघतही नाही. उत्तरेला गेल्यावर दुसरी सीमा: भारत-श्रीलंका सागरी हद्द, जी 1974 आणि 1976 च्या करारांनी ठरली. वाट बघताना नांगर घसरून तिकडे वाहत गेलात तर तटरक्षक दल आधी येईल आणि मग बरेच दिवस कागद चालतील. नांगरावर पहारा ठेवा, फक्त जीपीएसच्या अलार्मवर झोपू नका.

22. गाळा वर गेला, आम्ही निघालो आणि टगचं इंजिन बंद पडलं तर?

पुलाच्या आधी असाल तर बार्जचा नांगर ताबडतोब टाका. त्यासाठी नांगराजवळ माणूस आणि सोडण्याची तयारी आधीपासून हवी. विना-खलाशी बार्जवर ही तयारी नसते, म्हणून पुलाच्या वेळी दोन माणसं बार्जवर चढवून ठेवतात. पुलाखाली असाल तर नांगर टाकू नका, वेग आणि प्रवाह पलीकडे काढतील. मागची टग असेल तर तिचं काम इथेच. गाळा तुमच्यासाठी वरच ठेवतील, पण वरून गाडीचीही वेळ येत असते, म्हणून पहिला निरोप पायलटने द्यायचा: ‘अजून मोकळं नाही.’

23. आणि उलट झालं, आम्ही तयार पण गाळाच वर गेला नाही, तर?

रेल्वेचे लोक दुरुस्ती करतात, तुम्ही नांगरावर परत जाता. यंत्राने चालणाऱ्या पुलात हे कधीतरी होणारच. आधीची परवानगी आपोआप पुढच्या दिवसाला लागू होते असं धरू नका. बंदराकडून नवी वेळ घ्यावी लागते, कधी पायलटचं शुल्कही नव्याने. परत जाण्याइतकं पाणी आणि जागा मागे ठेवूनच पुलाकडे निघायचं. मागे दुसरा टो चिकटून उभा असेल तर वळता येत नाही, म्हणून प्रश्न 16 मधलं अंतर पाळायचं.

24. आपल्याकडे असा पूल आहे का?

गोव्यात जुवारीवरून कोकण रेल्वे जाते आणि खालून बार्ज जातात, पण तो पूल उंच आणि स्थिर आहे, कोणाला विचारावं लागत नाही. गोव्याच्या बार्जवरून थेट पांबनला आलेल्या मास्तरांना म्हणूनच पहिल्यांदा हे सगळं अति वाटतं. त्यांनी निघण्याआधी प्रश्न 6 आणि 8 तेवढे दोनदा वाचावेत.